हाताच्या रेषा दिसण्याइतका उजेड

जपानातून सूनबाईचा, प्रतिभाचा, फोन आला तेव्हा मी वाईच्या घरी मेतकूट कालवत होते. "आई, तुम्हीच जाऊन या शिंदखेड्याला," ती म्हणाली. "माझी आई कुणाचं ऐकत नाही. तुमचं ऐकेल." तिच्या आईच्या पोटात गाठ होती. धुळ्याच्या डॉक्टरांनी आठवड्याच्या आत शस्त्रक्रिया करा म्हणून बजावलं होतं आणि बाई घर सोडायला तयार नव्हती. कारण काय, तर देवघरातली समई! मी मेतकूट तसंच ठेवलं आणि पिशवी भरली.

मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. माणसं ऐकतात ती माझ्या आवाजाला घाबरून, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण विहिणीवर आवाज कसा चढवायचा, याचा विचार करत पुण्याहून धुळ्याची एसटी धरली. आषाढाचे दिवस, आभाळ नुसतं भरलेलं. धुळ्याच्या स्टँडवर उतरले तेव्हा सकाळ झाली होती. तिथल्या हॉटेलात पोह्यांवर इतकी तिखट तर्री ओतून दिली की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. पोरगेला वेटर म्हणाला, "मावशी, दही देऊ का?" मी म्हटलं, "आधी पाणी दे रे बाबा."

शिंदखेड्याच्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली. शेजारच्या म्हाताऱ्या आबांनी विचारलं, "कोठे जानं शे, अक्का?" (कुठे जायचं आहे?) मी सांगितलं, याहीनकडे. खानदेशात विहिणीला याहीन म्हणतात, एवढी अहिराणी मला मुलाच्या लग्नातच शिकावी लागली होती. सोनगीर आलं, तशी आबांनी बोट दाखवून तिथल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांचं कौतुक केलं. पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी जमीन आणि वीतभर वाढलेली कपाशी. बायका ओळीनं तण निंदत होत्या. डोंगर असा नाहीच. आमच्याकडे सूर्य डोंगराआडून येतो आणि डोंगराआड जातो. इथं तो दिवसभर माणसाच्या समोर असतो.

विहीणबाई दारातच उभ्या होत्या. चेहरा पार ओढलेला, पण डोक्यावरचा पदर जागच्या जागी. "या, पाय धुवा," म्हणाल्या आणि मला बसवून आत गेल्या, ते देवघरात. तिथं सोनगीरची पितळी समई तेवत होती. त्यांनी वाटीतून तेल घातलं, वात सारखी केली आणि मगच चहा टाकला. त्यांचा थोरला, योगेश, घरची शेती बघतो. तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "काकू, तीन वर्षांत ही समई विझली नाही. आई अर्ध्या दिवसाच्या वर कुठं गेली नाही."

जेवायला कळण्याची भाकरी (ज्वारी नि उडीद एकत्र दळून केलेली), ठेचा आणि वर कच्चं शेंगदाण्याचं तेल होतं. मी चार घास खाऊन सरळ विषय काढला. त्यांनी ताटावरून नजर उचलली नाही.

"तुम्हाला ठाऊक नाही, विहीणबाई. माझ्या हेमंतची गाडी तिकडं अमेरिकेत बर्फात घसरली. रात्रभर पोरगा काळोखात पडून होता, पाय मोडलेला. आणि मी इथं दुपारची जेवून, लख्ख उजेडात, घोरत होते." त्यांनी भाकरीचा तुकडा ताटातच ठेवला. "पोरगा वाचला. तेव्हाच मी देवीला बोलले, माझं कोणतंही लेकरू अंधारात असेल तोवर या घरात दिवा जळेल. तेल माझ्याच हातानं."

"मी घालते ना तेल. तुम्ही बऱ्या होऊन येईपर्यंत."

"तसं चालत नाही."

"मग उद्यापन करा, आणि सोडा व्रत."

"कसं करू? एकाला दिवस, तर दुसऱ्याला रात्र. कुणाच्या डोक्यावर अंधार असताना मी दिवा मालवू का?"

मला मनातून राग आला. एवढा जीव धोक्यात आणि ही बाई वातीत अडकलेली! पण त्याच वेळी माझ्यातली मास्तरीणही जागी झाली, कारण त्यांचं म्हणणं भूगोलात चुकत होतं. मी उठले, तांब्याची कळशी आणली आणि देवघरात समईसमोर धरली. कुंकवाची तीन बोटं उमटवली: हा योगेश, ही प्रतिभा, हा हेमंत.

"समई म्हणजे सूर्य. आता बघा." कळशी सरळ धरून फिरवली, तर प्रतिभा उजेडात आली की हेमंत अंधारात जाई. "हे तुमचं हिवाळ्यात खरं. पण सध्या आषाढ आहे. आता पृथ्वीचा वरचा भाग असा सूर्याकडं कललेला असतो." मी कळशी तिरकी केली आणि हळूहळू फिरवत नेली. एका जागी तिन्ही ठिपके उजळले. योगेशचा पुढ्यात, बाकीचे दोन अगदी कडेला. "ही आपली दुपार. प्रतिभाकडं सूर्य मावळायचाय, हेमंतकडं नुकता उगवलाय. याच्या थोडं पुढं तर अशी वेळ येते की जगातली बहुतेक माणसं उजेडात किंवा संधिप्रकाशात असतात. अंधार पडतो तो मुख्यतः समुद्रावर."

त्या कळशीजवळ सरकल्या. मग वाकून मागची काळी बाजू पाहिली. "आठे कोन ऱ्हास?" (इथे कोण राहतं?)

"फार कुणी नाही. पाणीच पाणी. थोडी बेटं, थोडी माणसं."

"त्यासनी बी माय व्हई," त्या म्हणाल्या. (त्यांचीही आई असेल.) मी कळशी खाली ठेवली.

पण गाडी रुळावर आली. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला उद्यापन, लगेच धुळ्याला भरती, असं ठरलं. विहीणबाईंनी एकच अट घातली. घड्याळ त्यांना नको होतं. "आमच्यात हाताच्या रेषा दिसल्या की उजाडलं म्हणतात. तिघांनी मला हात दाखवायचा, लांबच्यांनी फोनवर. उजेड आभाळातला पाहिजे."

सकाळपासून घरात वरण-बट्टीचा घाट. मी बट्ट्या वळायला बसले, तर माझ्या बट्टीला तडे गेलेले पाहून योगेशची बायको तोंडाला पदर लावून हसली. सगळं वेळेत होतं, आणि अडीचला लाइट गेली. पाठोपाठ फोनची रेंजही. योगेश गच्चीवर गेला, शेताच्या बांधापर्यंत धावला, मोटरसायकल काढून रस्त्याला लागला. मी अंगणात येरझाऱ्या घालत होते. जपानातला उजेड इथूनच हातातून निसटताना मला अक्षरशः दिसत होता. विहीणबाई तेवढ्या शांत होत्या, हातात समई शांत करण्यासाठी दुधात बुडवलेलं फूल घेऊन पाटावर बसलेल्या.

रेंज आली तेव्हा चार वाजून गेले होते.

फोनवर आधी हेमंत दिसला. लंगडत अंगणात आला, कोवळ्या उन्हात तळवा धरला. रेषा स्वच्छ. योगेशनं आपला हात पुढं केला, मातीनं भरलेला. मग प्रतिभा. तिचाही तळवा पडदाभर आला, रेषा न् रेषा दिसत होती. मी सुटकेचा श्वास सोडला. योगेशनं गाडीची किल्ली उचलली.

विहीणबाईंनी फोन डोळ्यांशी नेला. "पोरी, तो बल्बना उजेड शे."

"नाही ग आई, बाहेरचा आहे."

"पिवळा शे. आईशी खोटं बोलतेस?"

मीच न राहवून ओरडले, "अहो, काय फरक पडतो! पोर तिकडं सुखरूप आहे, इथं तुमच्या जिवाचं बघा की!" ओरडले आणि जीभ चावली. विहीणबाई माझ्याकडे वळल्या. डोळे भरलेले. "माले भ्याव वाटस," त्या म्हणाल्या. (मला भीती वाटते.) "मी तिथं बेशुद्ध पडेन. मला कळणारसुद्धा नाही, कोण कुठं अंधारात आहे ते."

फोनमधून प्रतिभाचं रडणं ऐकू आलं. मग तिनं नाक पुसलं आणि माझ्या भित्र्या सुनेचा असा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

"हो, खोटं बोलले. इथं अंधार पडला आई. रोजच पडतो. आणि अंधार पडला की मी उठून दिवा लावते. मला लावता येतो, आई. तूच शिकवलंस ना?"

विहीणबाई फोनमधल्या पिवळ्या उजेडातल्या हाताकडे बघत होत्या. मग त्यांनी फोन योगेशकडे दिला, समईला नमस्कार केला आणि दुधाचं फूल वातीवर टेकवलं. बारीक चर्र झालं. त्यांनी पदरानं तोंड झाकलं आणि खूप रडल्या. मीही रडले, खोटं कशाला सांगू?

दुसऱ्या दिवशी सकाळी धुळ्याच्या दवाखान्यात त्यांना आत नेत होते. माझा हात धरून त्यांनी विचारलं, "आते त्यासले दिवस शे का रात?"

"प्रतिभाला दिवस आहे. हेमंतकडं रात्र."

त्यांनी क्षणभर डोळे मिटले. "ऱ्हाऊ द्या," म्हणाल्या, आणि हात सोडला.

दुपारी डॉक्टर बाहेर आले. गाठ निघाली होती, धोका टळला होता. संध्याकाळी विहीणबाईंनी डोळे उघडून योगेशला ओळखलं, तेव्हा मी परतीची एसटी धरली. लळिंगचा किल्ला मागे गेला. मी मुलांना पृथ्वी काढायला शिकवायचे तेव्हा दिवस आणि रात्र यांच्यामध्ये पट्टीनं रेघ मारायला लावायचे. तशी रेघ कुठंच नसते. तिथं रुंद, पुसट पट्टा असतो, आणि त्यात लाखो माणसं घरी परतत असतात किंवा अंथरुणातून उठत असतात. आता मी स्वतःच त्यातून चालले होते. शेजारची बाई पोराला भरवत होती. शेतांचे बांध दिसेनासे झाले.

फोन वाजला. प्रतिभा. तिच्याकडे रात्र बरीच झाली असणार.

"दादानं सांगितलं सगळं. आई, आत जाताना ती काही बोलली का?"

"तुमच्याकडं दिवस आहे की रात्र, ते विचारलं. मी सांगितलं."

"मग?"

"ऱ्हाऊ द्या म्हणाल्या."

ती रडायला लागली. लग्न होऊन घरात आल्यापासून ती माझ्यासमोर अशी मोकळी कधी रडली नव्हती. मी तिला उगी म्हटलं नाही. माझ्या खिडकीबाहेर अंधार पडत होता, तिच्याकडे तर केव्हाच पडला होता, आणि आम्ही दोघी तशाच फोन कानाला धरून बसून राहिलो.