बुटक्या गाडीला साइड

गाडीत बसलं की माणूस उंच होतो, असं मला वाटायचं. बैलगाडी, एसटी, ट्रकचा हौदा, टेम्पोतल्या कापडाच्या गाठी, जिथं जिथं मी बसली तिथून रस्ता खाली दिसायचा. शेठच्या बारक्या पांढऱ्या गाडीत पहिल्यांदा बसली तर उलटंच झालं. मी खाली गेली. वाटलं, कुणी पाटावर जेवायला बसवलंय आणि पाट पळत सुटलाय. शेजारी ट्रक येऊन थांबला तर माझ्या डोळ्यांसमोर त्याच्या चाकाचे नट. ड्रायव्हर कुठंतरी वर, आभाळात.

नव्वदच्या पुढच्या वर्षांची ही गोष्ट. आम्ही धुळ्याकडचे, सुरतला नवागामात एका खोलीत राहायचो. आमचे हे ट्रक चालवायचे. एकदा ताडपत्रीचा दोर ओढताना गाठींवरून खाली पडले आणि मांडीचं हाड मोडलं. सळई घातली. वर्षभर हे खाटेवर, आणि मी साड्यांचे धागे कापून घर चालवलं. त्याचं काय सांगायचं, चाललं. पाय बरा झाला पण ट्रकच्या केबिनला चढता येईना, आणि तो जड क्लच तर दाबवेचना. बसून राहिले असते तर मनानं गेले असते.

मग साडीवाल्या एका शेठकडे काम मिळालं. शेठच्या आईला सगळे बा म्हणायचे. तिच्या अंगावरून वारं गेलेलं. उजवा हात-पाय नुसता लोंबायचा. रोज सकाळी नऊला तिला शहराच्या त्या टोकाला दवाखान्यात कसरतीला न्यायचं. गाडी ह्यांनी चालवायची, बाला मी धरायची. शेठनं पहिल्या दिवशीच सांगितलं, "नऊ म्हणजे नऊ. नंबर चुकला की दुसऱ्याला घेतात, बा तशीच परत येते. तीन वेळा उशीर झाला तर मी दुसरा ड्रायव्हर बघेन. राग मानू नका."

राग कसला? बरोबरच होतं त्याचं.

पण पहिल्या पंधरा दिवसांतच आम्हाला दोनदा उशीर झाला.

मागं बसून मी बघायची. रिंगरोडला साड्यांच्या पार्सलांचे टेम्पो, हातलाऱ्या, रिक्षा, सगळे आमच्यापुढे घुसायचे. सचिन नावाच्या गावाकडून येणारे ट्रक असे अंगावर यायचे, जसं काही रस्त्यात आम्ही नाहीच. सिग्नलला एक हमाल यायचा, आमच्या टपावर कोपर टेकून तंबाखू मळायचा. आत तीन माणसं बसलीत, पण एकदाही वाकून बघितलं नाही त्यानं. सिटी बसचा कंडक्टर दारातून वाकून टपावर थाप मारायचा, "ए डबी, हट!" आणि रिक्षावाला गुटख्याची पिचकारी मारायचा ती आमच्याच काचेवर.

मला रागापेक्षा नवल वाटायचं. सायकलवाल्याला हे लोक शिव्या द्यायचे, पण त्याच्याकडे बघून द्यायचे. आम्हाला शिवी सुद्धा द्यायचे नाहीत. असं का?

आणि हे काही बोलायचे नाहीत. पाय सदा ब्रेकवर. पुढं एवढी जागा सोडायचे की तिथं म्हैस बसली असती.

एका रविवारी ह्यांचा जुना जोडीदार घरी चहाला आला, ट्रकवालाच. मी त्याला धरलं.

"भाऊ, तुम्ही लोक आमची बारकी गाडी दाबता कसाले?"

"दाबत नही वहिनी. दिखसच नही."

"एवढी पांढरी गाडी दिखस नही?"

"खोटं वाटतं? चला. ट्रक नाक्यावरच उभा आहे."

चहा तसाच ठेवून मी गेली. लुगड्याचा काचा मारला, लोखंडी पायरीवर पाय ठेवला आणि चढली. हे खाली उभे. नाक्यावरची माणसं बघून हसत होती. हसू दे म्हटलं.

वरून खरंच वेगळं होतं. सगळं लांबवर दिसतं, आणि जवळचं काहीच दिसत नाही. तेवढ्यात एक बारकी गाडी खालून गेली. मला काय दिसलं? डब्याचं झाकण. पांढरं झाकण, त्यावर कबुतराची घाण, आणि ते झाकण सरकत चाललंय.

"सांगा वहिनी, आत कोण व्हतं?"

"माले काय माहीत?"

"मग मालेच कसं माहीत राही? तोंड दिसलं तर माणूस लाजतो. झाकणाला कोण लाजतो?"

मी उतरली. हे खाली मान घालून उभे होते. घरी जाताना रस्त्यात म्हणाले, "मी पण दाबायचो. पंधरा वर्षं दाबलं. आता खाली बसलो तर वरचा काय करणार ते मला आधीच कळतं. म्हणून पाय ब्रेकवर जातो. मी काय करू?"

तेव्हा मला ह्यांची भीती समजली. नवीन माणसाला समोरचा ट्रक दिसतो. ह्यांना ट्रकवाल्याचं मन दिसायचं.

पण माझं समाधान झालं नाही. कारण तसल्याच बुटक्या, पण पडदे लावलेल्या मोठ्या साहेबाच्या गाड्या जायच्या, त्यांच्याही आतलं तोंड दिसायचं नाही, आणि तेच ट्रकवाले त्यांना साइड द्यायचे. मग नुसतं बुटकं असणं हे कारण नव्हतं. दुसरं काहीतरी होतं. मी रोज बघत राहिली.

असं चालू असताना एक दिवस दुपारी बाला जेवण भरवून मी निघाली, तर शेठाणीनं हाक मारली. ती फोनवर बोलत होती, फोनवर हात ठेवून घाईघाईत मला म्हणाली, "बेन, तारा वरने केजे, काले दस वागे गाडी नवरी थाय एटले मारा भाईने त्यां लई जाय."

मी नवागामात राहायची. तिथं आजूबाजूला सगळे आपलेच, बाजारात हिंदी चालायची. गुजराती मला भाजीपाल्यापुरती यायची. मी ऐकलं काय? वर. गाडी. नवरी. भाऊ. शेठाणीच्या भावाच्या मुलीचं लग्न जमलेलं मला माहीत होतं, आणि दिवस लग्नसराईचे. अजून काय पाहिजे?

घरी येऊन मी ह्यांना सांगितलं, "उद्या दहाले गाडी नवरीनी शे. शेठाणीना भाऊकडे न्यानी शे."

"कोणी सांगं?"

"शेठाणीनीच."

"मग फुलं लावनं पडी," हे म्हणाले. हे खूश झाले. नवरीची गाडी सांगितली म्हणजे शेठचा भरवसा बसला, असं त्यांना वाटलं. मलाही तसंच वाटलं.

दवाखान्यातून आल्यावर वेळ मिळाला नसता, म्हणून पहाटेच निघालो. वाटेत झेंडू घेतला, थोडा गुलाब घेतला. धागा माझ्या पिशवीत होताच. शेठ-शेठाणी देवदर्शनाला गेलेले. बंगल्याच्या पायरीवर बसून मी माळा ओवल्या, ह्यांनी बांधल्या. टपावर आडव्या, पुढं बॉनेटवर उभ्या. मधोमध मी ओल्या कुंकवाचा साथिया, म्हणजे स्वस्तिक, काढला. गाडी अशी दिसायला लागली की मीच दोन पावलं मागं सरून बघत राहिली.

बाला बाहेर आणलं. तिचं तोंड अर्धंच हसायचं. तिनं डाव्या हातानं माळ चाचपली, माझ्याकडे बघितलं आणि काहीतरी बोलली. वाऱ्यामुळे तिचे शब्द जड झालेले, मला फक्त "सरस" कळलं. बसली आत.

आता ऐका. रिंगरोडला लागलो तर पहिला टेम्पो बाजूला झाला. हे बिचकले, त्यांना वाटलं तो वळतोय. तो वळला नाही, त्यानं साइड दिली होती. सचिनच्या ट्रकवाल्यानं हात बाहेर काढून "जा, जा" केलं. सिटी बस थांबली, आणि तोच थाप मारणारा कंडक्टर दारात वाकून आत बघायला लागला. हातलारीवाल्यानं भरलेली लारी ओढून मागं घेतली. गाडी तीच होती, तेवढीच बुटकी. वरून दिसणारं झाकणही तेच, फक्त त्याच्यावर झेंडू होता.

मला तेव्हा कळलं. माणूस दिसायला लागत नाही. आत कुणाचा तरी महत्त्वाचा दिवस आहे, एवढं कळलं की पुरतं.

सिग्नलला बायकांनी भरलेली एक रिक्षा बाजूला आली. सगळ्या नवरी बघायला वाकल्या. "कन्या क्यां छे? कन्या क्यां छे?"

आत फिक्या साडीतली सत्तर वर्षांची बा. तिनं डावा हात छातीवर ठेवला आणि म्हणाली, "हुं." म्हणजे मी.

बायका खोखो हसल्या. रिक्षावाला म्हणाला, "बा, ने वरराजा?"

बानं बोट वर आभाळाकडे केलं.

बायका आणखी हसल्या, आणि मग एकदम गप्प झाल्या. बा मात्र हसतच होती. सिग्नल सुटला. हे पहिल्यांदा माझ्यासमोर तिसऱ्या गिअरमध्ये गेले.

साडेआठच्या आत आम्ही दवाखान्यात. तोवर नेहमी धावतपळत पोचायचो, बाला आत ढकलायची नि मी दम घ्यायची. त्या दिवशी वेळ होता. कसरत घेणारी बाई डबा उघडून बसलेली, तिनं मला चहा दिला. मी सहज विचारलं, "बेन, तुम्ही उघडता कधी?"

ती हिंदीत म्हणाली, "सात बजे. पर सात बजे कौन आता है? सब को नौ बजे ही चाहिए."

मी ते ऐकून ठेवलं.

बाचा नंबरही लवकर लागला, परत आलो तर पावणेदहा. फाटकात शेठाणी उभी, शेजारी तिचा भाऊ आणि भावाची बायको. तिघंही पांढऱ्या कपड्यांत. भावाच्या बायकोचे डोळे सुजलेले.

गाडी थांबली. मग शेठाणी म्हणाली, "आ शुं कर्युं?"

"नवरीची गाडी," मी म्हटलं. माझा आवाज मलाच बारीक वाटला.

"कोनी नवरी?"

"तुम्हीच सांगितलं. वर, नवरी..."

तिनं कपाळावर हात मारला. "अरे बेन! वर म्हणजे तुझा नवरा, नवरी एटले खाली! काम वगरनी! गाडी रिकामी झाली की ने, असं सांगितलं मी. भाभीनी मा गुजरी गई. बारडोली बेसणामां जवानुं छे!"

बेसणं म्हणजे मयताच्या घरी लोक पांढऱ्या कपड्यांत येऊन बसतात ते. आणि भावाची माणसं स्वतःच आली नसती, तर आम्ही झेंडूच्या माळा घालून मयताच्या माणसांच्या दारात उभे राहिलो असतो.

मी गाडीतून उतरली आणि माळा तोडायला लागली. हे दुसऱ्या बाजूनं तोडत होते. फुलं निघाली. कुंकू निघेना. ओल्या फडक्यानं पुसलं तर पसरलं, रॉकेल लावून घासलं तर पांढऱ्या बॉनेटवर गुलाबी डाग राहिला, पोळीएवढा. भाऊ म्हणाला, "हवे चालो, मोडुं थाय छे." म्हणजे उशीर होतोय. ते बसले. हे त्यांना घेऊन गेले.

दिवसभर मी बाच्या खाटेशी बसून होती. मनात एकच, काम गेलं. उद्यापासून परत धागे कापायचे. ह्यांनी खाटेवर बसायचं आणि भिंतीकडे बघायचं. एकदा ते वर्ष मी काढलं होतं. दुसऱ्यांदा निघेल का, तेवढंच बघत होती.

संध्याकाळी हे परत आले. म्हणाले, उसाच्या ट्रॅक्टरांनी जाता-येता तसंच दाबलं. शेठनं दोघांना आत बोलावलं. शेठाणीनं सगळं सांगितलेलं.

शेठ ह्यांना म्हणाला, "माणूस सारो छे तू. दारू नाही, खोटं नाही. पण तू रस्त्यावर घाबरतो. आज फुलं होती म्हणून पोचला. उद्या काय? रोज माझ्या आईला नवरी करून नेणार?"

मी कधी शेठसमोर तोंड उघडलं नव्हतं. तेव्हा उघडलं.

"शेठ, दवाखाना सातला उघडतो. सातला नंबर नसतो. सहा-सव्वासहाला निघालो तर रस्त्यात टेम्पो नाही, ट्रक थोडे. आम्ही नवागामातून येऊ. पण बाला पाचला उठावं लागेल."

"तुला कोणी सांगितलं?"

"कसरतवाल्या बाईनं. आज वेळ होता, म्हणून विचारलं."

शेठ वळून बाच्या खाटेकडे बोलला, "बा, पांच वागे उठाशे?"

बानं जरा वेळ घेतला. शब्द गोळा करायला तिला वेळ लागायचा.

"उठीश," ती म्हणाली. मग माझ्याकडे बोट करून, "आ आवे तो."

ही आली तर. एवढंच. शेठनं मान हलवली. "सारुं. महिनो जोईए." म्हणजे महिनाभर बघू.

दुसऱ्या दिवशी सहाच्या आत आम्ही फाटकाशी पोचलो. घरात दिवा लागलेला. बा अगोदरच दारातल्या खुर्चीवर बसलेली, केस विंचरलेले, एका पायात चप्पल घातलेली. दुसरी चप्पल तिच्या मांडीवर होती, माझी वाट बघत.