डाव्या हाताचं पेन

फुमिए कामेई आमच्या कॉफीच्या दुकानात शिरल्या की आधी टेबलावरचा साखरेचा डबा उजवीकडून उचलतात आणि डावीकडे ठेवतात. त्यांना वाटतं माझं लक्ष नाही. गल्ल्यामागे उभं राहून मी अख्खं आयुष्य काढलंय, माझं लक्ष नाही असं कधी होत नाही.

बाई डावखुऱ्या आहेत. सफरचंद सोलायचं डाव्या हाताने, कात्री डाव्या हातात, चिडल्या की बोट नाचवायचं तेही डावं. पण पेन आणि जेवणाच्या काड्या मात्र उजव्या हातात. घरातली कामं डाव्याने करायची, चारचौघांतली उजव्याने, अशी वाटणी त्यांच्या लहानपणीच झाली. आईने ठरवलं आणि पहाऱ्याला थोरल्या बहिणीला, तोकिकोला, बसवलं. फुमिए गृहपाठाला बसली की तोकिको बांबूची पट्टी घेऊन शेजारी बसायची. डावा हात पेन्सिलीकडे गेला की सट्कन पट्टी. तेव्हा सगळीकडे असंच चालायचं, कोणाला त्यात वावगं वाटत नसे. डावखुरी मुलगी म्हणजे सासरच्यांना नावं ठेवायला आयती जागा. तोकिको आता आकाशी शहरात राहते, पंच्याहत्तरी ओलांडली आहे, आणि धाकटीवरची नजर अजून काढलेली नाही.

गंमत बघा, त्या मारूनमुटकून तयार केलेल्या उजव्या हातानेच बाईंना नाव मिळवून दिलं. मोठ्या दुकानाच्या भेटवस्तूंच्या काउंटरवर त्या पैसे घालून द्यायच्या पाकिटांवर नावं लिहायच्या. लग्नाचं पाकीट असो की मयताचं, अक्षर असं की पाकिटात किती आहेत ते बघायचं लोक विसरायचे. निवृत्त होऊन वर्षं झाली, तरी आमच्या उतारावरच्या गल्लीत कोणी गेलं की लोक अजून पाकिटं घेऊन त्यांच्याकडेच जातात.

आणि त्यांना पेनांचा नाद. महिन्यातून एकदा आमच्याकडे पेनवाल्यांची बैठक बसते. माणसं कमी, टेबलावर पेनं जास्त. बाईंचा संग्रह मोठा नाही, पण त्यांचा नियम कडक आहे: काम नसलेलं पेन घरात घ्यायचं नाही. एक पेन नव्या वर्षाच्या कार्डांसाठी. एक सांत्वनाच्या पत्रांसाठी, त्यात फिकट राखाडी शाई, कारण दुःखात गडद शाईने लिहायचं नसतं. एक पालिकेकडे तक्रारी करायला, त्याची निब जाड आहे. बैठकीतले दुसरे म्हणजे आमचे दंतवैद्य शिराकावा. यांच्याकडे सोन्याच्या नक्षीची पेनं आहेत, सारस उडतायत, शेवंती फुललीय, आणि एकातही आजवर शाईचा थेंब गेलेला नाही. वर पुन्हा नाकाने कांदे सोलतात.

मागच्या शरद ऋतूत माझ्या दुकानात एक मायलेकींची जोडी आली. आई मासिक चाळत बसली, मुलगी गृहपाठ करत होती. डाव्या हाताने. आईने मान वर करून पाहिलं, मुलीच्या तोंडाला लागलेलं क्रीम पुसलं आणि पुन्हा मासिकात डोकं घातलं. फुमिएबाई शेजारच्या टेबलावर होत्या. त्यांची कॉफी गार झाली.

"हिला कोणी काही बोलत नाही," त्या मला म्हणाल्या.

"आता कोण बोलतंय बाई," मी म्हटलं.

त्या बराच वेळ त्या मुलीकडे बघत राहिल्या. असूया होती ती, सरळ सांगते. चांगल्या माणसांनाही होते.

पुढच्या बैठकीत त्यांनी जाहीर केलं, "मी नवीन पेन घेणार. चांगलं, लाखेचं, आजवरच्या सगळ्यांत भारी. आणि त्याची निब ओकुनोंकडून डाव्या हातासाठी घासून घेणार."

ओकुनो म्हणजे निबवाले. वर्षातून दोनदा तोक्योहून आमच्या चढावरच्या पेनांच्या दुकानात येतात, घासायचं चाक मांडून बसतात. गिऱ्हाइकाने समोर बसून लिहायचं, त्यांनी हात बघायचा आणि त्या हाताला बसेल अशी निब करून द्यायची. एकदा घासली की घासली. ते सोनं पुन्हा भरून येत नाही, आणि ते पेन दुसऱ्या कोणाच्या हातात नीट चालत नाही.

शिराकावांनी कपाळावर हात मारला. "अहो कामेईबाई, डाव्या हाताने तुम्ही आयुष्यात एक ओळ लिहिली नाहीत! आधी शाळकरी पोरांचं पेन घ्या, वर्षभर गिरवा, मग बघू."

"शाळकरी पेन मला शाळेतच मिळायला हवं होतं डॉक्टर. आता मी माझ्या वयाचं घेणार."

"आणि नाही जमलं तर? एवढं पेन वाया!"

"तुमची सगळीच वाया आहेत, तुम्हाला कोणी काही म्हटलंय?"

मी दुधाचं भांडं घासायच्या निमित्ताने पाठ फिरवली आणि पोटभर हसून घेतलं.

पण त्यांना नेमकं काय हवंय ते मला त्याच संध्याकाळी कळलं. सगळे गेल्यावर त्या डावा हात टेबलावर उताणा ठेवून म्हणाल्या, "याला लिहिता येतं की नाही, हे मला मरायच्या आधी कळायला हवं. येत नसेल तर नसो. पण ते मला कळू दे. आईने सांगितलं म्हणून मी मान्य करायचं, असं आता नको."

निबवाले आले मार्चमध्ये. त्या दिवसांत आमच्याकडे घरोघरी इकानागो शिजत असतात, बोटाएवढे मासे सोया आणि साखरेत आटवलेले, आणि डबे भरभरून आप्तेष्टांकडे जातात. तोकिकोही डबा घेऊन आकाशीहून आली. डबा नावाला होता.

"घे, यंदा मासा महाग आहे, जपून खा," ती माझ्याच दुकानात धाकटीला म्हणाली. "आणि काय ऐकतेय मी? म्हातारपणी खोड डोकं वर काढतेय म्हणे?"

"ताई, तू येऊ नकोस सोबत."

"येणार. तू पैसे उधळणार आणि चारचौघांत हसं करून घेणार. कोणीतरी शहाणं माणूस बरोबर हवं."

म्हणून आम्ही तिघी निघालो. शिराकावा तिथे आधीच हजर होते, तमाशा चुकवणाऱ्यांतले ते नव्हेत.

दुकानदाराने मखमलीच्या तबकात पेनं मांडली. फुमिएबाईंनी उजवा हात पर्सवर ठेवला, वर रुमाल टाकला आणि म्हणाल्या, "याला आज विचारायचं नाही. तो आपलंच घोडं पुढे दामटेल." मग डोळे मिटून डाव्या हाताने एकेक पेन उचलायला लागल्या. वजन घ्यायच्या, टोपण फिरवून उघडायच्या, अंगठा पेनाच्या पोटावरून फिरवायच्या. सोन्याचे सारस असलेलं पेन हातात आलं तेव्हा शिराकावा खाकरले.

"डॉक्टर, हे नक्षीचं बोटाला टोचतंय," बाई डोळे न उघडता म्हणाल्या. "तुम्हाला ते कधी कळणार नाही म्हणून सांगितलं."

काळं सडपातळ पेन त्यांनी दोनदा उचललं आणि दोनदा ठेवलं. "हे उजव्याला आवडलं असतं." शेवटी एका जाडजूड पेनावर हात थांबला. वरून गडद तपकिरी लाख, तिच्या थराखाली लाल. कडांवर तो लाल आत्ताच थोडा दिसत होता आणि वापराने वर्षानुवर्षं आणखी उजळणार होता. नक्षी नाही, क्लिप नाही. नवी लाख होती, तिचा आंबूस वास मला उभ्या जागी येत होता. बाईंनी ते मुठीत धरलं आणि डोळे उघडले.

"हे."

"इतकं जाड?" तोकिको म्हणाली. "लाटणं आहे का ते?"

"माझा हात मोठा आहे, ताई. तुलाच पट्टीने मोजून ठाऊक असणार."

तोकिको भिंतीजवळच्या खुर्चीवर जाऊन बसली.

ओकुनोंनी निब शाईत बुडवून पेन पुढे केलं. किडकिडीत, चेहऱ्यावर काही न दाखवणारा माणूस. "लिहा. रोजचं लिहिता तसं."

बाईंनी डाव्या हाताने आपलं नाव लिहिलं, पत्ता लिहिला. आम्ही बघतच राहिलो. अक्षर जवळजवळ उजव्यासारखंच! शिराकावा पुढे वाकले. "म्हणजे तुम्ही..."

"हिवाळाभर," बाई म्हणाल्या, आणि मानेला जरा ताठा आला. "माझंच उजव्या हाताचं अक्षर समोर ठेवून रोज गिरवलं. वाया जाणार म्हणत होतात ना?"

मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. पण ओकुनो कागदाकडे बघतच नव्हते. ते बाईंच्या खांद्याकडे बघत होते.

"दुखतंय?" त्यांनी विचारलं.

"सवय नाही म्हणून."

"सवयीचं नाही ते. मनगट उलटं वळलंय, कोपर हवेत आहे. आडवी रेघ तुम्ही ढकलताय, निब कागदात रुततेय. ऐकलंत ना खरखर? बाई, हा उजवा हातच लिहितोय, डाव्याकडून वेठबिगारी करून घेतोय. याला बसेल अशी निब मी करून देईन, पैसे घेईन. पण दोन महिन्यांत तुम्ही पेन कपाटात ठेवाल."

बाईंचा चेहरा उतरला. अक्षरावर जगलेली बाई दुसरं काय करणार होती? तिने आपला सगळ्यांत सुंदर नमुना समोर ठेवला आणि तो गिरवला. ही चूक गचाळ अक्षराच्या माणसाला करताच आली नसती.

"मग माझा हात कुठला?" त्यांनी विचारलं. आवाज बारीक झाला होता. मला तो आवाज अजिबात आवडला नाही.

"ते मला कसं कळणार? तो लिहिताना मी पाहिलेला नाही."

"मलाही आठवत नाही," बाई म्हणाल्या, आणि पेन खाली ठेवायला लागल्या.

शिराकावा म्हणाले, "राहू द्या, पुढच्या खेपेला..." आणि तेही मायेने म्हणाले, माणूस वाईट नाही.

"थांब," तोकिको म्हणाली.

ती भिंतीजवळच्या खुर्चीवरून उठून टेबलाशी आली. "तू असं लिहायचीसच नाही. कागद असा सरळ तू कधी ठेवलाच नाहीस. आडवा करायचीस. पार आडवा. आणि त्याच्यावर पालथी पडायचीस मांजरासारखी. आई त्यावरच जास्त चिडायची, हात डावा तो डावा, वर बसणंही वाकडं."

"खरंच?"

"मी नाही बघणार तर कोण बघणार? मला बसवलंच होतं त्यासाठी." तिने बहिणीसमोरचा कागद उजवीकडे फिरवला, जवळजवळ आडवा होईपर्यंत. "पेन इतकं खाली नाही, वर धरायचीस. अजून वर. हां. आता लिही."

बाईंनी कोपर टेबलावर टेकलं. डावा हात पुढे गेला तेव्हा तोकिकोचा हात झटकन वर उठला. मी पाहिलं, अगदी स्पष्ट पाहिलं. तिचं तिलाही कळलं असणार, कारण तो हात तसाच क्षणभर हवेत राहिला. मग तिने तो कागदाच्या कोपऱ्यावर ठेवला आणि कागद घट्ट दाबून धरला.

बाई लिहायला लागल्या. रेघा आता ढकलाव्या लागत नव्हत्या, अंगाकडे ओढल्या जात होत्या. खरखर थांबली. अक्षरं मात्र भयानक होती. थोराड, कललेली, एक कागदाबाहेर चाललेलं. गल्लीतल्या कोणालाही दाखवून सांगितलं असतं की हे कामेईबाईंचं अक्षर आहे, तर वेड्यात काढलं असतं मला.

पण खांदा खाली आला होता.

"हा हात," ओकुनो म्हणाले, आणि त्यांनी चाक सुरू केलं. घासायचे, भिंगातून बघायचे, पेन परत द्यायचे, बाई दोन रेघा ओढायच्या, पुन्हा चाक. सगळा वेळ तोकिकोने कागदावरचा हात काढला नाही. निब झाल्यावर ओकुनोंनी पेन पुसून बाईंच्या डाव्या हातात दिलं आणि पहिल्यांदा जरासं हसले.

"बदलेल हा हात," ते म्हणाले. "बदलला की या. पण आता बदलेल तो तुमचाच हात असेल."

शिराकावांना राहवलं नाही. "मग कामेईबाई, तुमच्या नियमाचं काय? या पेनाला काम कुठलं?"

"काही नाही," बाई म्हणाल्या. "हे नुसतं लिहील."

आणि त्यांनी कागदावरच्या मोकळ्या जागेत लिहिलं, सावकाश, जीभ ओठांत धरून: तोकिको. शाई ओली होती, तळहाताची कड तिच्यावरून गेली आणि शेवटचं अक्षर फरफटलं.

तोकिकोने चष्मा वर करून पाहिलं. "वेडंवाकडं आहे."

"आहे."

"वर फासलंस सगळं."

"हो ताई."

तोकिकोने नाक ओढलं. मग तिने कागद थोडा वर सरकवला, खालची कोरी जागा बहिणीच्या हाताखाली आणली, आणि पुन्हा कोपरा दाबून धरला.

"परत लिही," ती म्हणाली. "मी धरते."