पाचव्या रिळाचं तोंड

बंद पडलेल्या टॉकीजमधून जुन्या सिनेमांच्या पेट्या आणायच्या, त्यांतली रिळं पुसायची आणि एकेका चौकटीचा फोटो काढून सिनेमा कॉम्प्युटरवर उतरवायचा, हा माझा आणि माझ्या मित्राचा रिकामपणाचा उद्योग. 'रिकामपणाचा' हा शब्द माझ्या बायकोचा. खामगावातल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत सदा आंबूस वास असतो. फिल्म सडायला लागली की तसा येतो.

मध्यंतरी एका टॉकीजच्या माळ्यावर जुन्या मराठी सिनेमाची पेटी सापडली. ही खबर लोणारच्या एका निवृत्त शिक्षिकेच्या कानावर गेली आणि बाई एसटीने थेट आमच्या दारात. त्यांच्या लहानपणी त्या सिनेमाचं शूटिंग लोणारजवळ झालं होतं. त्यात त्यांच्या वडिलांची बैलगाडी होती, हाकायला वडीलच. नंतर लवकरच ते वारले. घरात त्यांचा फोटो नाही.

"माहे बाबा त्यात समोरून येतात अन् हसतात म्हणे," बाई म्हणाल्या. "मले तेवढं तोंड पाहू द्या."

आम्ही छाती ठोकून हो म्हटलं.

गाडीचा प्रसंग नेमका पाचव्या रिळाच्या तोंडाशी निघाला आणि माझं डोकं फिरलं. टॉकीजच्या मशीनवर चढवताना रीळ सुरुवातीलाच तुटतं. तुटलेला तुकडा कापायचा, उरलेलं चिकटवायचं, ही आमच्याकडच्या ऑपरेटरांची रीत. खेळ थांबला की पब्लिक खुर्च्या फाडायचं, मग कोण कशाला जपतोय! गावोगाव असं होत होत गाडीचं येणं सगळं कापलं गेलं होतं. उरलं होतं फक्त जाणं. रिकामी गाडी, पागोटं आणि पाठ.

"रीळ सडलं होतं म्हून सांगू बे," मित्र म्हणाला. पण खोटं बोलणं माझ्या जिवावर आलं. मी बाईंना बोलावलं, आधीच माफी मागितली आणि ऑपरेटरांना मनसोक्त शिव्या घातल्या. मग तेवढा तुकडा लावला.

"शिव्या काऊन देता?" बाई नजर न हलवता म्हणाल्या. "तोंड असतं तं मी ओळखलं नसतं, भाऊ. वावरात जाताना मी गाडीत त्यायच्या मागंच बसत होती. मले तं हेच आठोते. पुन्हा लावा."