एका हातात धरलेला विमानाचा पंखा

त्या केसचा विषय निघाला की मला आधी भिजवलेले वाल आठवतात. रविवारी सकाळी भांडुपच्या घरात मी आणि बायको जमिनीवर बसून वाल सोलत होतो. आम्हाला मूलबाळ नाही. ती सोलायची, मी अर्धे चिरडायचो. "पोलिसाचा हात, दुसरं काय होणार," ती म्हणाली. दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम.

मी नववीपर्यंत शिकलो. शिपाई म्हणून लागलो, सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. तेव्हा अंधेरीत होतो. आमच्या हद्दीत सिनेमाला सामान भाड्याने देणारं एक गोदाम होतं. खोट्या बंदुका, फायबरचे देव, जुने टेलिफोन. त्यात एकच वस्तू खरी आणि महाग, जुन्या विमानाच्या नाकावर फिरणारा लाकडी पंखा. पद्धत अशी, की वस्तू बाहेर जाताना फोटो काढायचा, परत आली की पुन्हा काढायचा. दोन्ही जुळले की गोदाम सांभाळणाऱ्याने सही करायची.

एका शूटिंगवरून पंखा परत आला, फोटो जुळले, सही झाली, सेटच्या माणसांनीच तो वर टांगला. महिन्याने पुढच्या कामासाठी खाली काढला तर थर्माकोलचा निघाला. मालकाने तक्रार दिली. चावी एकट्या गोदाम सांभाळणाऱ्याकडे. म्हातारा मालवणी माणूस, त्याला अटक केली.

"साहेब, फोटो जुळले म्हणान मी सही केलंय," एवढंच तो म्हणायचा.

"मग काय पंखा उडून गेला?" मी विचारलं.

दोन दिवसांनी खबरी म्हणाला, वाकोल्यात नव्या हॉटेलच्या भिंतीवर विमानाचा पंखा लावलाय. जप्त करून आणला. हॉटेलवाल्याने तो दलालाकडून घेतला होता आणि दलालाचा फोन बंद. परत येतानाचा फोटो खऱ्या पंख्याचाच वाटत होता, म्हणजे अदलाबदल गोदामातच झाली, म्हणजे चोर म्हातारा. मलाही तेच पटलं होतं. तरी रविवारी फोटो घेऊन बसलो होतो.

वाल सोलता सोलता तिने मान वाकडी करून परत येतानाचा फोटो बघितला. "अहो, हा पंखा धरणारा बघा. एका हातात पंखा, दुसऱ्या हातात वडापाव."

"मग?"

"मग काय? खरा पंखा ठाण्याच्या जिन्यावरून चढवताना दोघा शिपायांची कंबर गेली, तुम्हीच म्हणालात ना परवा?"

मी तसाच उठलो. "जेवायला या," ती म्हणाली. "येतो," म्हटलं.

फोटोतला माणूस त्या शूटिंगचा सेट सजवणाऱ्यांपैकी होता. दुपारी त्याला ठाण्यात आणला. हात उगारला नाही. दोन्ही पंखे समोर ठेवले आणि खऱ्याकडे बोट दाखवलं.

"हा धर एका हातात. फोटो काढायचाय."

तो हसला. मग खाली बसला. "मीच बनवला साहेब. ओरखडेसुद्धा फोटो बघून मारले."

चौकशीत मी फोन ड्रॉवरमध्ये ठेवायचो. जबाब संपवून ड्रॉवर उघडला तर शेजारणीचे फोनवर फोन येऊन गेलेले. बायकोच्या छातीत दुखलं होतं. मी मुलुंडच्या हॉस्पिटलात पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. रात्री तिला स्मशानात पोचवून आलो.

म्हाताऱ्याने फोटोत पंखा बघितला, ओरखडे मोजले. पस्तीस वर्षं नोकरी केलेल्या मीही पंखाच बघितला. तिने धरणारा माणूस बघितला. वस्तू काही बोलत नाही, ती धरणारा बोलतो, हे मी त्या केसमध्ये शिकलो. हे सांगायला घरात कोणी नाही, म्हणून लिहितो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठाण्यात गेलो. म्हातारा अजून कोठडीत होता. त्याला सोडवायचा अहवाल कोर्टात न्यायचा होता.

ठाण्याचे मोठे साहेब म्हणाले, "तू कशाला आलास? घरी जा. तपासात लक्षात आलं, असं मी लिहितो."

"नाही साहेब. मी लिहितो."

"अरे, केसचे फोटो घरी नेले, बायकोला दाखवले, हे कागदावर आलं तर तुझीच चौकशी लागेल."

"लागू दे."

मी खुर्ची ओढली. फोटोतली गोष्ट कोणी दाखवली ते लिहिलं, तिचं पूर्ण नाव घातलं, खाली सही केली आणि म्हाताऱ्याला घेऊन कोर्टात निघालो.