एक सभासद, एक मत

संदीपचा फोन आला तेव्हा मी रहिमतपूरच्या बाजारात भाजी घेत होतो. “काका, अण्णा गेलं,” एवढंच म्हणाला. मी त्याच्यावरच खेकसलो, काहीतरी बोलू नकोस म्हणून. महिना होऊन गेला, तरी मन मानायला तयार नाही. आदल्या दिवशी फोनवर मला शिव्या घालणारा ठणठणीत माणूस असा जातो का कुठं...

अण्णा माझा पलटणीतला जोडीदार. फौजेतून आल्यावर लोणंदजवळच्या मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात तो पहाऱ्याचा मुख्य झाला. पुढं पोरगा संदीपही तिथंच लागला. कंपनीचे शेअर निघाले तेव्हा अण्णानं घेतले, गावालाही घ्यायला लावले. मग बड्या लोकांचा पैसा शेअरबाजारात खेळवणाऱ्या एका हेज फंडानं कंपनीचा मोठा हिस्सा उचलला. मालकाची पोरं उधळी, कारभार ढिला, असं फंडवाले म्हणत. खोटं नव्हतं ते, अण्णाही मान डोलवायचा. पण त्यांना संचालक मंडळावर आपली माणसं बसवून लोणंदचा कारखाना बंद करायचा होता, जमीन विकायची होती. हे कळलं आणि गडी पेटला.

आमची हयात साखर कारखान्याच्या सभांत गेलेली. तिथं बारा एकरवाला असो की बारा गुंठेवाला, मत एकच. अण्णानं तोच हिशेब धरला. पार आष्ट्यापर्यंत फिरून शेअर असलेले सभासद गोळा केले, गाड्या भरून कंपनीच्या सभेला मतदानाला नेले. “माणसं आपली जास्त हायत गड्या, भ्यायचं न्हाई.” सभागृह आमच्याच टोप्यांनी भरलेलं, फंडाचा एकच माणूस कोपऱ्यात. निकाल लागला आणि आम्ही गारद झालो. इथं जितके शेअर तितकी मतं! त्या एकट्यानं अख्खं सभागृह पाडलं. परतीच्या वाटेवर अण्णा एवढंच बोलला, “म्हंजे आमी तितं नव्हतोच की रं...”

पुढं कारखान्याला कुलूप लागलं, जमीन विकली गेली. शेअर मात्र चढत गेला, फंड चढ्या भावात विकून मोकळा झाला, पेपरात त्याचं कौतुकही आलं. इकडं पोरगा घरी बसलेला आणि बाप बसल्या जागी श्रीमंत. मला तर ते बघूनच संताप यायचा. अण्णानं एकही शेअर विकला नाही.

परवा अण्णाच्या घरी गेलो. ते शेअर आता संदीपचे होतील. काही धंदा उभा करायचा तर त्याच्याकडं दुसरं भांडवल नाही. चहा घेताना त्यानं विचारलं, “काका, माजं काम गेलं म्हणून ह्ये वाढलं. आता ह्येच खायचं का मी?”

वहिनी स्वैपाकघराच्या दारात येऊन टेकल्या. असं काही अडलं की त्या घरात सगळे अण्णाच्या खुर्चीकडं बघायचे. आम्ही तिघांनीही तिकडंच बघितलं.