जागेवर

आखातात सुट्टी शुक्रवारी; अल नहदातले लोक मॉलमध्ये जात. सदानंद केळुसकर वाळूत जाऊन बसायचा. खिशात मावेल एवढी वही, काळा खडू आणि शेजारचा मुनीर, कारण गाडी मुनीरची. जुने डच चित्रकार असेच वही घेऊन गावाबाहेर जायचे, हे सदानंदने कुठेतरी वाचलं होतं. क्षितिज खाली, वर नुसतं आभाळ. समोर पाहून काढलेल्या चित्राखाली काही जण तसं लिहूनही ठेवत. सदानंद ‘जागेवर’ असं लिहायचा.

एरवी तो जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका बिल्डरकडे न बांधलेल्या इमारतींची चित्रं काढायचा. तळं, खजुरी, कुत्रं फिरवणारी गोरी बाई. त्याखाली काही लिहावं लागत नसे.

मग मंदी ‘आली’, जणू पाहुणी. क्रेन थांबल्या, पुण्याहून खरेदीदारांचे फोन सुरू झाले. मॅनेजर संजयने सदानंदला केबिनमध्ये बोलावलं.

“लोकांचा फोटोवर विश्वास नाही राहिला. तू वहीत स्केच मार. अठरा मजले, भोवती थोडी परांची. खाली तुझं ते ‘जागेवर’ लिही. मराठी माणूस विरघळतो.”

“तिथे खड्डा आहे.”

“डच लोक घरी येऊन पवनचक्की इकडची तिकडे करायचे, हे चहाला तूच सांगितलंस ना?”

“करायचे. पण पवनचक्की असायची.”

“सदा, व्हिसा कुणाचा आहे?”

त्याच टॉवरमध्ये मुनीरचाही फ्लॅट होता. घेताना तो एवढंच म्हणाला होता, “बाल्कनी तू काढलीयस ना, मग झालं.”

शुक्रवारी सदानंदने गाडी साइटवर न्यायला सांगितली. इतका दाबून काढत होता की खडू दोनदा मोडला. खड्डा, गंजलेल्या सळ्या, कलंडलेला बोर्ड, वर आभाळ. खाली ‘जागेवर’.

मुनीर वाकून बघत राहिला. “माझा सातवा मजला यात कुठे येतो रे?”

सदानंदने आभाळावर बोट ठेवलं.

“व्ह्यू चांगला आहे,” मुनीर म्हणाला. “सगळ्यांना पाठव.”

रविवारी ऑफिसात पोचताच सदानंदने ते स्कॅन करून प्रत्येक खरेदीदाराला मेल केलं. जेवणाच्या आधीच संजय त्याच्या टेबलापाशी उभा होता.

“तुझी नोकरी खलास. आत्ताच्या आत्ता.”

“म्हणजे जागेवर,” सदानंद म्हणाला. त्याने खिशातून वही काढली, खुर्ची वळवून घेतली. “हलू नकोस. चेहरा बरा आलाय.”