पहिल्या पिढीतली लग्नपत्रिका

हे मी आजवर कुणापुढे बोलले नाही. नवऱ्यापुढे नाही, पीएच.डी.च्या गाईडपुढे तर नाहीच. गंमत म्हणजे गोष्ट माझ्या यशाची आहे – सांगताना आजही छाती फुगते, आणि तिथेच तर पंचाईत आहे.

मी महाडच्या एका कॉलेजात संगणक शिकवते. माझं संशोधन उत्क्रांतीच्या धर्तीवर चालणाऱ्या गणितावर. म्हणजे काय? तर संगणकाला वाटेल तशी, डोळे मिटून, शंभर वेळापत्रकं बनवायला सांगायची. टाकाऊ गळतात, बरी उरतात, उरलेल्यांची सरमिसळ होऊन पुढची पिढी जन्मते. अशा शेकडो पिढ्या गेल्या की जे टिकतं ते उत्तम – निदान कागदावर तरी.

मला वेळापत्रक हवं होतं ते एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या बसगाड्यांचं. पोलादपूरपासून वरंधपर्यंत बारा गावं, चार गाड्या. पहिली पाळी दुपारी सुटली तरी कामावरच्या बायका घरी पोचेपर्यंत संध्याकाळ व्हायची. वर्षभर मी पिढ्यांमागून पिढ्या जन्माला घातल्या, आणि हाती काय? पाच मिनिटं इकडे, पाच तिकडे. प्रबंधाची मुदत डोक्यावर आलेली. रडकुंडीला आले होते – खोटं कशाला बोलू? पुरेसं बोलून झालंय.

बाळूकाका त्याच कारखान्याच्या बसवर ड्रायव्हर. आमच्याच आळीतले, मला फ्रॉकात असल्यापासून बघितलेले. माझं तोंड उतरलेलं बघून त्यांनी एका लग्नपत्रिकेच्या मागे, बॉलपेनने, चारही गाड्यांचे रस्ते काढून दिले. वरंधकडची दोन गावं चक्क पोलादपूरच्या गाडीला जोडलेली! नकाशावर सगळं उफराटं दिसत होतं. मी मनात हसलेसुद्धा. मग घरी जाऊन तपासलं – बायकांचा रोजचा पाऊण तास वाचत होता.

आणि मी काय केलं? संगणकाच्या त्या पहिल्या शंभरांत गुपचूप ती एक पत्रिका घातली. प्रबंधात मात्र लिहिलं, की पहिली पिढी संगणकाने कोणत्याही मानवी सूचनेविना तयार केली.

शेवटच्या पिढीत तीच उरली. शेकडो पिढ्या तिच्यावर चालून गेल्या, पण एक थांबासुद्धा बदलला नाही!

कारखान्याने ते वेळापत्रक लावलं. बायका ऊन असताना घरी पोचू लागल्या, मी रस्त्यात दिसले की खिडकीतून हात करू लागल्या. मला डॉक्टरेट मिळाली, कारखान्याच्या सभागृहात शाल-श्रीफळ मिळालं. त्या टाळ्या – काय सांगू – गोड होत्या हो, फार गोड होत्या.

बाळूकाका पहिल्या रांगेत बसले होते. पडद्यावर 'संगणकाने शोधलेले' म्हणून तेच चार रस्ते उमटले तसे ते उभेच राहिले. कार्यक्रम संपल्यावर माझे दोन्ही हात धरले. डोळ्यांत पाणी.

"बाय गो, मशीनला पन माजाच रस्ता गावला! म्हंजे माजं डोकं नि मशीनचं डोकं येकच हाय!"

त्यांना वाटलं, मशीन आपलं आपण तिथवर पोचलं. एका वाक्याचं तर काम होतं – काका, मी तुमचीच पत्रिका आत घातली होती. तेवढं एक वाक्य मला जड झालं?

"हो काका," मी म्हणाले, "अगदी तुमच्यासारखंच."

ते अजून सांगतात. चहाच्या टपरीवर सांगतात, नव्या ड्रायव्हरांना सांगतात, मी शेजारून जात असले तर मला हाक मारून माझ्यासमोर सांगतात. मी मान डोलावते.

त्यानंतर ती पत्रिका वगळून मी तेच गणित कितीदा तरी चालवलं. पिढ्या वाढवल्या, नवा संगणक घेतला. एकदाही ते काकांच्या जवळपास पोचलं नाही. आणि दर वेळी ते हरलं की मला आनंद व्हायचा – खोलीत एकटीच टाळी वाजवायचे! ते सगळे निकाल पत्रिकेला टाचून माझ्या कपाटात ठेवलेत. कुणी पाहिलेले नाहीत.

काका समजतात, सामना बरोबरीत सुटला. ते जिंकले होते. मला माहीत होतं, आणि मी त्यांना सांगितलं नाही.